छपरावरची अँटेना आणि लाल फडक्यातलं पुस्तक

नेपरव्हिल, १८ सप्टेंबर

आधी मला एवढं सांग दिगंबर, शिरवळच्या एसटी स्टँडपासून नदीपर्यंत कोणी सांगत सुटलं की अक्काला अमेरिकेत पोलिसांनी धरलं? नाव सांगू नकोस, मला ठाऊक आहे. माझ्या शार्दूलनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, त्यात माझ्या शेजारी पोलीस उभा आहे एवढं तू एका डोळ्यानं बघितलंस (दुसऱ्यावर पट्टी), आणि त्या पट्टीसकट जाऊन पारावर बसलास. त्या फोटोत पोलिसानं शिडी धरली आहे. मला धरलेलं नाही. ज्याला शिडी आणि सख्खी बहीण यांतला फरक कळत नाही त्यानं दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला उशीर लावू नये.

आता रीतीचं. चि. दिगंबर, तुला आशीर्वाद. रागात दिला म्हणून काही तो कमी पडत नाही. चि. सौ. सुवर्णाला दोन आशीर्वाद जास्त, कारण हे पत्र तीच तुला वाचून दाखवणार, आणि तुझे मधलेमधले शेरे ऐकून घेणार. डोळ्यात थेंब वेळेवर घाल. डोक्यावरून पाणी घेऊ नकोस. वाकून काही उचलू नकोस (आयुष्यभर उचललं नाहीस तसंच). माझी तब्येत उत्तम आहे. गुडघे दुखतात, पण ते तिकडंही दुखत होते, विमानात बसून काही सुधारले नाहीत. हे पत्र मी मुद्दाम कागदावर लिहिते आहे. फोनवर लिहिलं की तू ते चौघांना पुढं ढकलतोस.

तर झालं काय ते पहिल्यापासून सांगते, आणि तू ते पारावर जसंच्या तसं सांगायचं आहेस.

यंदा संक्रांतीनंतर शार्दूलनं घरातली केबल बंद केली. आता म्हणे सगळं इंटरनेटवर बघायचं. बघा की. पण माझ्या खोलीतला टीव्ही तेव्हापासून बटण दाबलं की लागेना. तो आधी विचारतो, कोण बघतंय? चार गोल चेहरे येतात. एकाखाली शार्दूल, एकाखाली सूनबाई हिमानी, एकाखाली नात उर्वी, आणि चौथ्याखाली 'गेस्ट'. मी उर्वीला विचारलं, हे चौथं कोण गं? ती म्हणाली, दॅट्स यू, आजी. गेस्ट म्हणजे पाहुणी, एवढं इंग्रजी मला येतं. नऊ वर्षं या घरात माझ्या हातची भाकरी खातात, उर्वीच्या वेण्या मी घातल्या, बर्फ वितळायला दारात मीठ मी टाकते, आणि टीव्ही म्हणतो पाहुणी. बरं, त्या पाहुणीवर टिचकी मारली तर पासवर्ड मागतो. पासवर्ड दर महिन्याला बदलतो. म्हणजे मी बहात्तराव्या वर्षी हातात रिमोट घेऊन जिन्याखाली उभी, आणि वर सोळा वर्षांच्या पोरीला विचारते, बाई, आजचा परवलीचा शब्द काय? ती कानात बोंडं घालून बसलेली.

(तुला वाटेल, हिला टीव्ही हवा कशाला, इंग्रजी कुठं कळतं. दुपारी तीन वाजता एक न्यायाधीण बाई लागते. काळा झगा, पांढरे केस. माणसं तिच्यापुढं भांडत येतात, शेजाऱ्याचं झाड, मोडलेली गाडी, परत न केलेली खुर्ची. भांडणाला भाषा लागत नाही. कोण खोटं बोलतंय ते मला तिच्याआधी कळतं, आणि दहांतले नऊ निकाल तिचे माझ्यासारखे लागतात. दहावा तिचा चुकतो. ती सगळ्यांना एकच विचारते, कागद कुठं आहे? कागद दाखवा. मला ती बाई फार पटते.)

मी शार्दूलला म्हणाले, मला अँटेना पाहिजे. साधी, छपरावरची, माशाच्या काट्यासारखी. वायर थेट माझ्या खोलीत. तो हसला. आई, आता कोण लावतं अँटेना? मी म्हणाले, तुझी आई लावते. इथं हवेतनं फुकट चॅनेल येतात हे मला पलीकडच्या गल्लीतल्या नव्वदीच्या गोऱ्या म्हातारीनं सांगितलं होतं (आमची दोघींची भाषा एक नाही, पण तिलाही पासवर्ड येत नाही). शेवटी हिमानी म्हणाली, आणून द्या एकदाची, आईंचा वाढदिवस समजा. अँटेना आली.

आता लावायची कशी हे या घरात एकट्या मलाच ठाऊक. शार्दूलच्या हाताखाली चाळीस इंजिनिअर आहेत, पण अँटेना कुठल्या दिशेला तोंड करून लावायची हे त्यातल्या एकाला सांगता यायचं नाही. शिरवळला सिंहगडाकडं तोंड करून ती कौलावर कोण लावायचं, आठव. तुझे दाजी वर, मी अंगणात, आणि खिडकीत शेजारची पोरं. डावीकडं, अजून थोडं, आलं, आलं, गेलं. इथं सिंहगड नाही, शिकागोची उंच इमारत आहे, पण रीत तीच. शार्दूल शिडीवरनं छपरावर. मी खाली अंगणात, लुगड्यावर स्वेटर. उर्वी आत टीव्हीपुढं. ती आतनं म्हणायची नथिंग, मी वर ओरडायची डावीकडं. ती म्हणायची वेट, मी ओरडायची हलवू नको. अर्धा तास चाललं. समोरच्या घरात पडदा हलला, तो मी बघितला होता.

मग पोलिसाची गाडी आली. झालं होतं असं, की एक मोठा माणूस छपराच्या कडेला उभा आहे आणि एक म्हातारी खालनं त्याला हात उंचावून परक्या भाषेत काहीतरी ओरडते आहे, एवढंच समोरच्यांना दिसलं. त्यांना वाटलं, हा उडी टाकणार, आणि म्हातारी त्याला टाक टाक म्हणते आहे. पोलीस गाडीतनं उतरला तो हळू, दोन्ही हात पुढं करून, शार्दूलला समजावत. उर्वीनं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा तो इतका हसला की टोपी काढून घाम पुसला. मग बघितलं त्यानं की शिडी लटपटते आहे, तर स्वतः धरून उभा राहिला. मी त्याला म्हणाले, होल्ड टाइट. त्यानं होल्ड टाइट केलं. तेवढ्यात आतनं उर्वी ओरडली, आजी, इट्स परफेक्ट. अडतीस चॅनेल लागली, आणि कुठलंच विचारत नाही तू कोण. हाच तुझा तो फोटो.

पुढं आठ दिवसांनी खरी गंमत. दुपारची वेळ, घरात मी एकटी, न्यायाधीण बाई रंगात आलेली. खिडकीतनं बघते तर रस्त्यावर एक गोरा माणूस उभा. हातात पाटी, पाटीला कागद, कानाला पेन. आणि तो दाराकडं बघत नव्हता. छपराकडं बघत होता. छपराकडं बघायचं, मग कागदावर लिहायचं, मग परत छपराकडं. दिगंबर, ही नजर मी चाळीस वर्षांनी बघितली, पण ओळखायला निमिष लागलं नाही. टीव्ही लायसनचा इन्स्पेक्टर. दार न बघता आधी कौलं बघणारा माणूस जगात दुसरा कोण असतो? मी टीव्ही बंद केला, पलंगावरची गोधडी उचलून त्याच्यावर टाकली (सवय; का ते विचारू नकोस) आणि पदर खोचून दारात गेले.

त्याचं नाव क्रेग. तो सरकारचा माणूस नव्हता, असोसिएशनचा होता, हे मला नंतर कळलं. असोसिएशन म्हणजे आपल्याकडची सोसायटीच, फक्त पाण्याच्या टाकीवरून भांडण्याऐवजी हे लोक गवताच्या उंचीवरून भांडतात. टपालपेटीचा रंग हे ठरवतात, कचऱ्याचा डबा किती वाजता आत न्यायचा ते हे ठरवतात. क्रेग काहीतरी लांबलचक बोलला. मला त्यातलं 'अँटेना' आणि 'नॉट अलाउड' एवढं समजलं. मी म्हणाले, शो मी पेपर. तो गांगरला. त्यानं एक कागद काढून दिला. मी तो चष्मा लावून खालनं वर, वरनं खाली बघितला, आणि त्याला आत घेतलं नाही. दार उंबऱ्यापुरतं उघडायचं, कागद घ्यायचा, पाणी विचारायचं, पण आत घ्यायचं नाही, हे मला त्या न्यायाधीण बाईनं शिकवलेलं नाही. हे मी शिरवळहून आणलंय.

संध्याकाळी हिमानीनं कागद वाचला आणि खुर्चीत बसली. चौदा दिवसांत अँटेना उतरवा, नाही तर रोजचा दंड. ती म्हणाली, आई, प्लीज, काढून टाकू या, मी तुमचा पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवते. शार्दूल म्हणाला, इथं असं चालत नाही, नेबर्स काय म्हणतील. मी म्हणाले, नेबर्सनी म्हणून झालं, पोलीस येऊन गेला. छप्पर कोणाचं? आमचं. हप्ते कोण भरतं? तुम्ही. मग माझ्या छपरावर काय लावायचं हे गवत मोजणारा सांगणार? मी पाहुणी असते तर उतरवली असती.

उर्वी जेवताना फोनमध्ये बोट घालून बसली होती. मी तिला ओरडणार, तेवढ्यात ती म्हणाली, डॅड, दे कान्ट. तिनं वाचून दाखवलं, शार्दूलनं मला मराठीत सांगितलं. दिल्लीसारखं इथलं जे वरचं सरकार, त्याचा नियम आहे की स्वतःच्या घराच्या छपरावर टीव्हीची अशी अँटेना लावायला असोसिएशननं अडवायचं नाही. आधी परवानगी घ्या म्हणायचं नाही. फक्त ती नीट, सुरक्षित बसवली आहे ना एवढं त्यांनी बघायचं. मी म्हणाले, मग उद्याच वायरमन बोलव. खांबाला जाड पट्ट्या मारून घे, वीज पडली तर जमिनीत जायची तार घाल, बिल जपून ठेव. हक्क सांगायला जाणाऱ्याचा कासोटा आधी घट्ट पाहिजे. हे मी चौथी शिकलेली सांगते आहे, तू मॅट्रिक आहेस, लिहून ठेव.

मग असोसिएशनची मीटिंग. त्यांच्या क्लबहाउसात, स्विमिंग पुलाच्या मागं. मी हिरवं इरकल नेसले, नथ घातली, आणि देव्हाऱ्यातलं पुस्तक घेतलं. होय, तेच. लाल फडक्यात बांधलेलं, वर हळदकुंकू, आपल्या टीव्हीच्या लायसनचं. नऊ वर्षांपूर्वी इकडं येताना माझ्या बॅगेत दोन लुगडी कमी घेतली पण ते घेतलं. तुला तर ते पाठ आहे. एक्याऐंशी साली इन्स्पेक्टर शिरवळला आला, घराघरांत शिरून पुस्तकं तपासली, तिघांचे टीव्ही उचलून नेले. तू तेव्हा लोणंद पोस्टात, नुकताच चिकटलेला, आमच्याकडं सुट्टीला आलेला. तू उंबऱ्यात उभा राहून त्याला म्हणालास, मी पोस्टातला माणूस आहे, माझी बहीण बिनलायसनचा टीव्ही बघेल का? आणि मी देव्हाऱ्यातनं हे पुस्तक ताटात घालून आणलं. नवरात्र होतं. म्हणाले, घ्या साहेब, पण आंघोळ करून हात लावा, घटाजवळचं आहे. त्यानं लांबनंच नमस्कार केला आणि पुढच्या घराकडं गेला. ही गोष्ट तू प्रत्येक लग्नात सांगतोस. सांगतोस ते बरंच करतोस. आमच्या घराचं लायसन एक दिवस चुकलं नाही, हे सातारा जिल्ह्यात तरी कुणी नाकारू नये.

तर मीटिंगला पाच जणांचं मंडळ टेबलामागं बसलेलं. त्यातले एक आपले चंद्रशेखर डॉक्टर. मूळचे नागपूरचे, पन्नास वर्षं इथं, हृदयाची ऑपरेशनं करून रिटायर झालेले. क्रेगनं उभं राहून फोटो दाखवले, आमच्या छपराचे सहा. अँटेना दिसायला वाईट आहे म्हणाला. उर्वी उठली. दिगंबर, ही पोर घरात तीन शब्दांच्या वर बोलत नाही. तिथं पाठ सरळ करून तिनं सरकारचा नियम वाचला, कलम वाचलं, वायरमनचं बिल टेबलावर ठेवलं, आणि शेवटी म्हणाली, माय ग्रँडमदर इज नॉट अ गेस्ट. एवढं मला समजलं. मी नाकाला पदर लावला तो सर्दीसाठी.

मग मी उठले. कोणी सांगितलं नव्हतं. लाल पुडकं टेबलावर ठेवलं आणि डॉक्टरांना मराठीत म्हणाले, यांना सांगा, हे घर एकोणऐंशी सालापासून कायद्यानं टीव्ही बघतं. तुमचा गवत मोजायचा नियम कालचा, आमचं पुस्तक त्याच्या आधीचं. डॉक्टरांनी सांगितलं, की भारतात तेव्हा टीव्हीला लायसन लागायचं, पोस्टात जाऊन दर वर्षी शिक्का मारून आणायचा, आणि या बाईंनी ते अजून देवापाशी जपलंय. मधली बाई छातीला हात लावून म्हणाली, वाव. क्रेगनं मान खाली घातली. अँटेना राहिली, दंड नाही, वर माझी माफी मागितली. घरी येताना शार्दूल गाडीत म्हणाला, आई, त्या पुस्तकाचा यात काही संबंध नव्हता गं. नसेल. नियमानं अँटेना वाचली असेल, पण मान खाली कशानं गेली ते मी बघितलं.

तर हे असं आहे. पोलिसानं शिडी धरली, सरकारनं बाजू धरली, आणि तू अफवा धरलीस. उद्या पारावर जाऊन हे सगळं सांग, आणि इन्स्पेक्टरची गोष्टही जोडून सांग, शोभेल. मुलांना आशीर्वाद. थंडी सुरू झाली, इथं झाडं लाल व्हायला लागलीत, अँटेना वाऱ्यात हलत नाही.

तुझी अक्का,
पद्मिनी

ता. क. डोळ्याचे थेंब फ्रिजमध्ये ठेवायचे असतील तर लोणच्याशेजारी ठेवू नकोस.

ता. क. दोन. सुवर्णे, इथनं पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. त्याला सांग, पत्र संपलं, आणि चहा टाकायला म्हणून आत जा.

गेलीस? ऐक. मीटिंग संपल्यावर डॉक्टर माझ्याजवळ आले. पद्मिनीताई म्हणाले, हा तर ठेवा आहे. पुडक्याला हात घालणार, मी म्हणाले, आंघोळ झाली का? पंचाहत्तर वर्षांचा माणूस, पण हात मागं घेतला. मला वाटलं, सुटले. तर म्हणाले, आपल्या इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला आपण जुन्या वस्तूंचं टेबल मांडतो, तिथं हे उघडून ठेवू, मी आंघोळ करून येतो, पानंपानं मोठ्यानं वाचून मुलांना समजावतो. तीनशे माणसं असतात. आणि मी, माझ्या तोंडाला काय झालं देव जाणे, ताठ मानेनं हो म्हणाले.

आता तुला ठाऊकच आहे. तू तेव्हा नवी नवरी, दिगंबर उंबऱ्यात छाती काढून उभा, आणि आत तू आणि मी टीव्हीवर गोधडी टाकत होतो. हे दर वर्षी म्हणायचे, पुढच्या महिन्यात काढू लायसन, आणि तो पुढचा महिना सरकारनं लायसनच रद्द करेपर्यंत आला नाही. आमचं लायसन एक दिवस चुकलं नाही हे मी खरंच लिहिलंय. जे काढलंच नाही ते चुकणार कसं? हाताला लागलं ते सरकारी शिक्क्याचं पहिलं पुस्तक मी फडक्यात गुंडाळलं. ते माझं चौथीचं प्रगतीपुस्तक. चव्वेचाळीस वर्षं त्यालाच हळदकुंकू वाहते आहे.

तर तुझ्या माहेरी सासवडला रेडिओचं लायसन होतं. तुझ्या वडिलांनी त्यात एक वर्ष चुकवलं नाही. ते पुस्तक तुझ्या ट्रंकेत लग्नपत्रिकांच्या खाली आहे, मी बघितलंय. कुरिअरनं पाठव, दिवाळीच्या आधी पोचेल असं. नाव तुझ्या वडिलांचं आहे आणि ते रेडिओचं आहे, तेवढं मी बघून घेईन. न आलं तर मी प्रगतीपुस्तकच उघडून ठेवीन आणि डॉक्टरांना म्हणेन, वाचा मोठ्यानं. गणितात शंभरपैकी ब्याण्णव आहेत, वर्गात पहिली, खाली हेडमास्तरांचा शिक्का. मला लाज नाही. पण दिगंबरनं इन्स्पेक्टरला आपल्या नोकरीची आण घालून सांगितलं होतं, आणि ती गोष्ट सांगताना त्याची मान कशी होते ते तू बघितलंयस. ती या वयात खाली जायला नको.

ता. क. तीन. उत्तर तू लिहायचं, तू एकटीनं. दिगंबरनं फक्त पाकिटाला तिकीट चिकटवायचं. आयुष्यभर तेच केलंय, आणि ते मात्र तो चोख करतो.